चार बोटांचा उतार

उघाडपाड्यात विनिता ठाकूरच्या दुकानावर 'ठाकूर झेरॉक्स व ऑनलाइन सेवा' अशी पाटी आहे, पण गावात त्याला 'नायवालीचं दुकान' म्हणतात. सातबारा काढून द्या म्हटलं की ती देते, पॅनकार्डाचा फॉर्म भरून देते. जन्मतारीख जरा दोन वर्षं मागे घ्या म्हटलं की मात्र मान वरही न करता एकच शब्द येतो. नाय. सरपंचाच्या मेव्हण्यालाही तोच मिळाला होता. त्यानं रागानं पुढचं वर्षभर एका झेरॉक्ससाठी रिक्षा करून उरण गाठलं, आणि विनितानं त्याची अजिबात वाट पाहिली नाही.

हा शब्द तिला बापाकडून आला म्हणावं तर बाप अगदी उलटा. मोरू घरत म्हणजे खाडीकाठचा सगळ्यात होकारी माणूस. कुणी फावडं मागितलं, दिलं. कुणी लग्नात पंगत वाढायला बोलावलं, गेला. मिठागरावर बारा माणसांचा म्होरक्या होता, पण त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. या होकारापायीच घरतांचं मिठागर गेलं, असं विनिता पंचवीस वर्षं मनात धरून होती.

ती सोळा वर्षांची असताना कंटेनर यार्डासाठी जमीन घ्यायला मोजणीवाले आले. ही पोर बांधावर जाऊन बसली, ती उठेना. शेवटी भागुबाई, तिची आजी, आणि शेजारची एक बाई, अशा दोघींनी तिला काखेत धरून घरी आणली. संध्याकाळपर्यंत मोरूनं कागदावर अंगठा उठवला होता. पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्यावर मुरूम पडला, आणि आज तिथं कंटेनर एकावर एक पाच-पाच चढवून ठेवलेले असतात. विनिता बापाशी वर्षभर बोलली नाही. मग बोलायला लागली, दुखण्याखुपण्याला धावून गेली, सणाला पोळ्या नेऊन दिल्या, पण मिठागराचा विषय दोघांत पुन्हा निघाला नाही. लग्न तिनं गावातच केलं. नवरा, विनेश ठाकूर, ट्रेलर चालवतो आणि त्याच यार्डात त्याची रोजची फेरी असते. 'तुझ्या बापाच्या वाफ्यात गाडी लावून आलो,' असं तो एकदा थट्टेत बोलला. एकदाच बोलला.

अशा या बाईला कॉम्प्युटरवरच्या खेळाचं वेड कसं लागलं ते सांगायला हवं, कारण गावाला ते अजून उमगलेलं नाही. गाव म्हणतं, चाळिशी उलटलेली बाई, दोन मुलींची आई, गिऱ्हाईक नसलं की ठोकळे रचत बसते. खरं आहे, रचत बसते. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, पण कॉम्प्युटर चालू. मोठी मुलगी अमिषा कंटाळून जो खेळ अर्धवट टाकून गेली, तो आईनं उचलला. खेळाचं नाव 'माती'. त्यात शत्रू नाही, बंदूक नाही, जिंकणं नाही. माती, दगड, लाकूड आणि पाणी यांचे ठोकळे मिळतात, आणि हवं ते उभारायचं. उभारलेलं सगळ्यांना दिसतं आणि सगळे त्यात येऊन फिरू शकतात.

फिरता फिरता तिला 'आपली पट्टी' सापडली. मराठी खेळणाऱ्यांनी मिळून चालवलेला तो एक मोठा नकाशा. उरणपासून आगरदांड्यापर्यंतचा किनारा, ज्याचं गाव त्यानं उभारायचं. चौलच्या नेत्रानं सुपारीच्या वाड्या लावल्या होत्या. आगरदांड्याच्या जीवननं जेट्टी केली होती आणि वर हट्टानं नकाशातल्या समुद्राला खऱ्या तिथीची भरती-ओहोटी जोडली होती. उरणच्या बाजूला मात्र कोरा पट्टा. विनितानं आपल्या गावाचा तुकडा मागून घेतला. मालकाच्या रकान्यात तिनं स्वतःचं नाव घातलं नाही. 'मोरू घरत' असं घातलं, आणि का घातलं ते तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

तीन वर्षं ती त्या तुकड्यावर राबली. चार-चारच्या सहा रांगांत चोवीस वाफे, भोवती बांध, आणि खाडीच्या तोंडाशी उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायचं लाकडी फळीचं दार. सगळं आठवणीतून. मिठाचे ढीग कुठं लागायचे, आजी कुठल्या कोपऱ्यात बसून भाकरी खायची, तो दगडसुद्धा. बाप दोन गल्ल्या सोडून राहत होता, पण त्याला तिनं त्यातलं काही दाखवलं नाही.

आता थोडं कारागिरीचं. या खेळात बांधायच्या दोन रीती आहेत. पहिली ठोकळ्यांची. एकेक ठोकळा हातानं ठेवायचा. तो जिवंत असतो, म्हणजे दार उघडतं, माती खणता येते, पाणी वाट मिळेल तिकडं जातं. पण यंत्राला प्रत्येक ठोकळ्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि यंत्राची छाती ठरलेली. दुसरी रीत साच्याची. घर बाहेरच्या बाहेर कोरून एकसंध आणायचं आणि ठेवून द्यायचं. दिसायला सुरेख, यंत्राला हलकं, पण मेलेलं. त्याची खिडकी उघडत नाही आणि त्यातलं पाणी म्हणजे निळा रंग. विनिताला साच्याचं वावडं नव्हतं. गावचं देऊळ तिनं साच्यातच केलं. कळस कोण खणायला येणार आहे, असं तिचं म्हणणं. घरं, शाळा, एसटीचा थांबा, सगळं साच्यात. जिथं हात लागणार नाही तिथं ठोकळे खर्चायचे कशाला? फक्त मिठागर तिनं ठोकळ्यांत ठेवलं होतं, एकूण एक जिवंत.

तेच अंगाशी आलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, त्याला ही मंडळी ठोके म्हणतात. खेळाचं काळीज सेकंदाला वीस ठोके देतं. यंत्रावर भार पडला की ते उतरतात, आणि पंधराच्या खाली गेले की सगळ्यांची माणसं पाऊल टाकता टाकता अडखळायला लागतात. विनिताच्या मिठागरापाशी कुणी आलं की आकडा तेरावर यायचा. लोक कुरकुरायला लागले. चौलच्या वाडीत सुपाऱ्या उतरवणारा माणूस उरणच्या पाण्यामुळं झाडावर थिजून राहायचा.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात निकेतचा निरोप आला. निकेत हा पनवेलचा इंजिनीयर, वयानं तिच्यापेक्षा बराच लहान, नकाशाची सगळी देखभाल त्याच्याकडं. वाईट मुळीच नाही, पण नियम म्हटला की त्याला माणूस दिसत नाही.

"ताई, पर्सनल घेऊ नका," तो कानातल्या हेडफोनवर म्हणाला. "पण कमिटीनं ठरवलंय. अमावास्येच्या रविवारी टेस्ट. चाळीस जण तुमच्या बांधावर उभे करणार, उघाडी उघडणार. आकडा अठराच्या खाली गेला तर मिठागर साच्यात करा, नाहीतर नकाशातून काढावं लागेल. साचा मी करून देतो ना, चार तासांचं काम. दिसायला सेम टू सेम."

"पाणी येणार का त्यात?"

"दिसणार की पाणी. ॲनिमेशन टाकतो."

"येणार का?"

"तसं येणार नाही."

"मग नाय," विनिता म्हणाली.

"ताई, रविवारी फेल झालं तर पूर्ण उडेल. कॉपीपण ठेवता येत नाही, जागा नाहीये."

"उडू दे. निळा रंग लावून मिठागर नको मला."

बोलायला बोलली, पण हेडफोन काढून ती पडद्यावरच्या बांधाकडं बघू लागली. एकदा मुरूम पडलेली जागा. तिच्यावर दुसऱ्यांदा मुरूम पडणार, आणि या वेळी तर बांधावर जाऊन बसायचीही सोय नव्हती. तिनं होतं नव्हतं ते करून पाहिलं. मिठाचे ढीग कमी केले, बांधावरची झुडपं काढली, आजीचा दगड तेवढा ठेवला. आकडा तेराचा साडेतेरा झाला.

परीक्षेच्या आधीच्या बुधवारी सकाळी मोरू दुकानात आला. पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो, आपण जिवंत आहोत हे दरवर्षी यंत्राला पटवून द्यावं लागतं. ते काम तो लेकीकडंच करतो, आणि दरवर्षी अर्धा दिवस जातो, कारण मिठानं त्याच्या बोटांच्या रेघा खाऊन टाकल्यात. यंत्र अंगठा घेत नाही. विनिता अंगठा पुसते, तेल लावते, पुन्हा पुसते. त्या दिवशी चौथ्यांदा नकार आला आणि ती यंत्राची तार काढून परत जोडायला टेबलाखाली वाकली. मोरूची नजर बाजूच्या पडद्यावर गेली.

"ह्यो काय गो?"

तिनं टेबलाखालूनच सांगितलं, "आगर हाय. आपला."

मोरूनं खुर्ची सरकवली. शहात्तर वर्षांचा माणूस, डोळ्यांतला मोतीबिंदू काढलेला, पडद्याला नाक लावून बसला. विनितानं माउस हातात घेतला आणि त्याला बांधावरून चालवत नेलं. तो बघत राहिला.

"बांध चांगला घातलास," तो म्हणाला. "उघाडी बी बरी हाय. फली जांभलाची काय?"

"सागाची हाय, बाबा. खेलात सागाचीच मिलते."

"साग म्हाग पडंल. चालंल." मग त्यानं कान दिला. "आनि ह्यो आवाज कसला?"

"इंजिनाचा. पानी वडायला. सहा लावलीत." हे सांगताना तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. इंजिनाचा टुकटुक आवाज हुबेहूब जमावा म्हणून तिनं पंधरा दिवस घातले होते.

मोरू मागं टेकला. "काढ ती."

"काय काढू?"

"इंजिनं. आपल्या आगराला इंजिन कवाच नव्हतं."

"मी बघितलंय, बाबा. निलं इंजिन. तू सकाली त्याला दोरी मारायचास."

"तू बघितलंस ते आजारी आगर. धडधाकट व्हतं तवा तू बारकी व्हतीस." मोरू बोलत होता नेहमीच्याच मऊ आवाजात. "माझ्या बापाच्या वेलेला पानी आपल्या पायानं चालायचं. उधानाला उघाडी उचलायची, पयल्या वाफ्यात घ्यायचं, उघाडी पाडायची. मंग तिथनं दुसऱ्यात, तिथनं तिसऱ्यात. दर वाफा चार बोटं खाली. निघायचं तवा निघायचं, बाकीचे दिस उभं ऱ्हायचं. उभ्या पान्यालाच मीठ धरतं. धावत्या पान्याला कवा मीठ धरलंय?"

"मग इंजिन कशाला आनलंस?"

"रस्त्याचा भराव खाडीच्या तोंडात पडला. उधानाला पानी उघाडीपातुर येयाचंच बंद झालं. आठ वर्सं इंजिनानं वडलं. वाफे खाडीच्या गालानं भरून सपाट झाले, मीठ निघायचं ते कालं, चिखलाचं. गिऱ्हाईक हात लावीना." तो लेकीकडं वळला. "तुला वाटतं मी जितं आगर देऊन टाकलं. जितं नव्हतं गो."

"तू कवा सांगितलं नाय."

"तू बोलत कुठं व्हतीस?"

विनिताला त्या क्षणी भयंकर राग आला, आणि तो ठेवायला जागाच सापडेना. पंचवीस वर्षं ज्याच्यावर ठेवला होता तो समोर तेलकट अंगठा वर धरून बसला होता. त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षं खपून, जीव ओतून, तिनं उभारलं होतं ते मरायला टेकलेलं मिठागर. सपाट वाफे आणि निळी इंजिनं, शेवटची आठ वर्षं, तिला ठाऊक होती तेवढीच. तिचे डोळे भरून आले. मोरूनं ते पाहिलं आणि मशीनकडं बोट करून म्हणाला, "अंगठा घे आधी. मी जिता हाय ते तरी कळू दे त्यांना."

अंगठा पाचव्या वेळी लागला. मोरू चहाला गेला, आणि मग विनिताच्या डोक्यात ते शिरलं. निघायचं तेव्हा निघायचं, बाकी उभं. खेळाच्या यंत्रालाही उभ्या पाण्याचं काही लागत नाही. हिशेब लागतो तो धावत्या पाण्याचा, आणि तिची सहा इंजिनं रात्रंदिवस, कुणी बघत असो नसो, पाणी ढकलत होती. का, तर वाफे सपाट होते. तिनं एक इंजिन काढलं. आकडा चौदाच्या वर गेला. सगळी काढली. अठरा. मात्र आता पाणी पहिल्या वाफ्यातच बसून राहिलं, दुसऱ्यात जाईना.

उतार हवा होता. पण खेळातला ठोकळा म्हणजे हातभर उंच, आणि कुठल्याही हत्यारानं ठेवता येतात ते अख्खे ठोकळे. एक वाफा हातभर खाली घेतला तर पाणी धबधब्यासारखं कोसळायचं, त्याचे शिंतोडे मोजता मोजता आकडा पुन्हा बारावर. चार बोटांचा उतार करायला हत्यारच नव्हतं. एकच वाट होती. ओल्या मातीवरून माणूस पुन्हा पुन्हा चालला की ती दबते आणि ठोकळा पाव हिश्श्यानं खाली बसतो. हे सगळ्यांना माहीत होतं, पण वापरत कुणी नव्हतं, कारण एक वाफा दाबायला एका माणसाचा अर्धा दिवस जातो. वाफे चोवीस, दिवस चार.

तिनं बापाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच हसला. "खेल करनाऱ्याला अक्कल हाय," तो म्हणाला. "आगर तुडवूनच होतं. दसरा झाला की आमी रांगेत उभे ऱ्हायचो, खांद्याला खांदा, बाया-बाप्ये सगले, नि तुडवत जायचो. फावड्यानं तल बसत नाय. पायानंच बसतो."

त्या संध्याकाळी विनितानं चौलच्या नेत्राला फोन लावला. नेत्राची आणि तिची भेट कधी झालेली नव्हती. सुपारी थिजते म्हणून सगळ्यात जास्त ओरडलेली हीच. विनितानं आढेवेढे न घेता सांगितलं, असं असं आहे, पाय हवेत.

"मला वाटलेलं तुम्ही भांडायला फोन केलाय," नेत्रा म्हणाली.

"ते रविवारनंतर करू."

गुरुवारी दुपारी बांधावर सात जण आले. शुक्रवारी एकोणीस. सगळे कॉलेजातले, नोकरीतले, कुणी रेवदंड्याचे तर कुणी थेट दुबईहून. मोरू दुकानात विनिताशेजारी बसला आणि हेडफोन डोक्यावर चढवून बारा माणसांचा म्होरक्या परत झाला. "रांग सोडू नका. आडवं चाला, उभं नको. तो लाल सदऱ्याचा कोन हाय, त्याला सांग मधी खड्डा पाडू नको." थोड्या वेळानं म्हणाला, "ह्यांच्या पायात चपला हायत."

"खेलात असतात, बाबा."

"आगरात चप्पल घालून येतात होय?"

विनितानं निरोप पोचवला. खेळाला चपलांचं सोयरसुतक नव्हतं, काढल्या काय नि घातल्या काय, माती तेवढीच दबते. पण एकोणीस जणांनी चपला काढून बांधावर ओळीनं ठेवल्या. पुढं जे आले त्यांनीही न सांगता काढल्या. पहिल्या रांगेतले वाफे पाव ठोकळा खाली, दुसरीतले दोन पाव, अशा बेतानं शनिवार संध्याकाळपर्यंत बाविसावा वाफा बसला. निकेत अधूनमधून डोकावत होता.

"ताई, साच्याला हो म्हणाला असतात तर चार तासांत झालं असतं," तो म्हणाला.

"चार तासांत झालं असतं, आणि पुन्हा कधी हललं नसतं," विनिता म्हणाली. "येतोस तर ये तुडवायला. नाहीतर बाजूला हो, रांग मोडते."

तो बाजूला झाला. राहिलेले दोन वाफे विनितानं आणि नेत्रानं रविवारी सकाळी उठून तुडवले.

अमावास्येची भरती साडेबाराच्या सुमाराला पुरी होते. परीक्षा साडेबाराला ठरली होती. साडेअकराला बांधावर चाळीस माणसं उभी, सगळी अनवाणी. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत विनिता, मोरू आणि फेरी चुकवून आलेला विनेश, जो दाराशी उभा राहून बघत होता. खाडीचं पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागलं.

"उघड," मोरू म्हणाला.

"अजून तास हाय, बाबा."

"तासानं पानी कमरेइतकं चढंल नि मंग उघडलंस तर धडक मारंल. उंबऱ्याला जीभ लागली की उघडायची. मंग ते दमादमानं येतं, चढंल तसं."

निकेत हेडफोनमधून म्हणाला, "ताई, थांबा, मी अजून आकड्याची नोंद चालू केलेली नाही."

"मग कर पटकन. पाणी थांबत नसतं," विनिता म्हणाली आणि तिनं फळी उचलली.

पाणी आलं. ना उडी, ना फेस. पहिल्या रांगेच्या वाफ्यांत पातळ पसरलं, काठाशी पोचलं, आणि कुणी न ढकलता दुसऱ्या रांगेत उतरलं. कोपऱ्यातला आकडा वीसवरून एकोणीस झाला. पाणी तिसरीत गेलं तसा अठरा झाला. चौथी रांग, पाचवी. आकडा अठरावर टेकून राहिला. मागचे वाफे भरत गेले तसे ते उभे राहत गेले, आणि जेवढे उभे राहिले तेवढे यंत्राच्या हिशेबातून सुटले. पाणी चोविसाव्या वाफ्यात पोचलं तेव्हा आकडा एकोणीस होता.

मोरूनं पडद्यावर हात ठेवला होता, शेवटच्या वाफ्यावर. काय वाटतं ते सांगणारा तो माणूस नाही. पण विनितानं त्याचा हात पाहिला, आणि इतक्या वर्षांनी तिला बापाविषयी नुसती माया वाटली, तिच्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

"पास आहे, ताई," निकेत म्हणाला. खरोखर खुश होता बिचारा. "मानलं. फक्त एक फॉर्मॅलिटी. पुढच्या वर्षी माणसं वाढतील, लोड वाढेल. तेव्हा गरज पडली तर साच्यात करायला हरकत नाही, एवढी मंजुरी मालकाकडून घेऊन ठेवतोय. सगळ्यांकडूनच घेतोय. मालक मोरू घरत दिसतायत. त्यांना म्हणावं, खालचं हिरवं बटण दाबा."

पडद्यावर चौकट आली. वर मोरूचं नाव, खाली दोन बटणं, हिरवं नि लाल. विनिताच्या तोंडात शब्द तयार होता, पण नाव तिचं नव्हतं. तिनं चौकट बापाला वाचून दाखवली, एकही शब्द स्वतःचा न घालता.

"म्हंजे अंगठा पायजे त्यांना," मोरू म्हणाला.

"हां."

मोरूनं आपल्या गुळगुळीत अंगठ्याकडं पाहिलं. मग हेडफोनची काडी तोंडाजवळ ओढली, तिथून ऐकू जातं हे तो चार दिवसांत शिकला होता.

"नाय," तो म्हणाला.

"काका, फक्त फॉर्मॅलिटी आहे, आत्ता काही—"

"नाय देत," मोरू घरत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, पण दाराशी उभ्या विनेशनं मान वर केली. नकाराचं कुठलं ते मोरूनं लेकीला विचारलं, आणि तिचा हात बाजूला करून लाल बटण स्वतः दाबलं.

मग तो तिला म्हणाला, "बघत काय बसलीस? पानी पुरं झालं. ओहोटी लागायच्या आत फली पाड." विनितानं फळी पाडली.